स्कॉटलंडमधील डोंगरांचे सर्वेक्षण, वर्गीकरण आणि नामकरण

स्कॉटलंडमधील डोंगर त्यांची उंची आणि शेजारच्या डोंगरांपासूनचे वेगळेपण या दोन निकषांवर मन्रो, कॉर्बेट, ग्रॅहम, डोनाल्ड, मॅरिलिन अशा वर्गांत विभागले जातात. यांपैकी मन्रो हा सर्वांत जुना व सर्वांत प्रसिद्ध वर्ग आहे. समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांहून (९१४.४ मीटर) अधिक उंच असलेल्या आणि स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबच्या अधिकृत यादीत समाविष्ट असलेल्या पर्वतास मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी ही यादी सर्वप्रथम १८९१ मध्ये प्रसिद्ध केली. सध्या यादीत २८२ मन्रो आणि २२६ मन्रो उपशिखरे आहेत.

ही संख्या स्थिर राहिलेली नाही. एखाद्या पर्वताची उंची नव्याने मोजली गेली, किंवा स्वतंत्र पर्वत कशास म्हणावे याविषयीचे मत बदलले, की यादीतही बदल होतो. यादीत कोणता डोंगर असावा हे सर्वेक्षणाची साधने, वर्गीकरणाचे संकेत आणि नकाशावरील नोंदी या तिन्हींवर अवलंबून असते.

भौगोलिक पार्श्वभूमी

स्कॉटलंडचा उत्तर व पश्चिम भाग 'हायलँड्स' म्हणजे उच्चभूमी या नावाने ओळखला जातो. सर्व मन्रो याच भागात व त्यालगतच्या बेटांवर आहेत. ग्लासगो शहराच्या उत्तरेस असलेला बेन लोमंड (९७४ मीटर) हा सर्वांत दक्षिणेकडील, तर बेन होप (९२७ मीटर) हा सर्वांत उत्तरेकडील मन्रो होय. बेटांवरील मन्रोंपैकी १२ स्काय बेटावर आहेत. स्कायखेरीज केवळ मल बेटावर मन्रो आढळतो; तो बेन मोर (९६६ मीटर) होय. बेन नेव्हिस (१,३४५ मीटर) हा स्कॉटलंडमधील व संपूर्ण ब्रिटनमधील सर्वांत उंच पर्वत असून त्याखालोखाल केर्नगॉर्म पर्वतराजीतील बेन मॅकडुई (१,३०९ मीटर) याचा क्रमांक लागतो.

हिमयुगातील हिमनद्यांनी हा प्रदेश कोरून काढला आहे. त्यामुळे अनेक ठिकाणी एकाच लांब डोंगरधारेवर कमीअधिक उंचीची पाचसहा शिखरे ओळीने उभी दिसतात. अशा धारेला एक पर्वत मानावे की अनेक, हा प्रश्न येथील वर्गीकरणाच्या मुळाशी आहे.

सर्वेक्षणाचा इतिहास

१७४५-४६ च्या जॅकोबाइट उठावानंतर ब्रिटिश लष्कराला उच्चभूमीच्या चांगल्या नकाशांची निकड भासली. त्यातून विल्यम रॉय यांच्या नेतृत्वाखाली १७४७ ते १७५५ या काळात स्कॉटलंडचे लष्करी सर्वेक्षण झाले. रस्ते, नद्या व वस्त्या यांची नोंद हा त्याचा मुख्य हेतू होता. डोंगर छायांकनाने दाखवले गेले. त्यांची उंची दिलेली नव्हती.

१७७४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्किलिन यांनी पर्थशायरमधील शिहॅलियन (१,०८३ मीटर) या पर्वतावर एक प्रसिद्ध प्रयोग केला. पर्वताच्या गुरुत्वाकर्षणामुळे ओळंबा किती कलतो हे मोजून पृथ्वीची सरासरी घनता काढणे हा त्याचा उद्देश होता. त्यासाठी पर्वताचे आकारमान ठाऊक असणे आवश्यक होते. सर्वेक्षणातून मिळालेल्या असंख्य उंचींची मांडणी करताना गणितज्ञ चार्ल्स हटन यांनी समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले. समोच्चरेषांच्या वापराचे हे एक आरंभीचे उदाहरण मानले जाते.

ऑर्डनन्स सर्व्हे ही ब्रिटनची राष्ट्रीय नकाशासंस्था १७९१ मध्ये स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकात तिने थिओडोलाइट व त्रिकोणमितीच्या साहाय्याने स्कॉटलंडचे पद्धतशीर सर्वेक्षण केले. बेन नेव्हिस व बेन मॅकडुई यांपैकी अधिक उंच कोणता, हा जुना वाद १८४७ मध्ये या सर्वेक्षणामुळेच मिटला. या संस्थेने मैलाला एक इंच व मैलाला सहा इंच अशा दोन प्रमाणांवर नकाशे प्रसिद्ध केले. मात्र त्यांवर सर्वच शिखरांची उंची नोंदलेली नव्हती. अनेक शिखरांबाबत केवळ समोच्चरेषांवरूनच अंदाज करावा लागे.

मन्रो यादी

सर ह्यू मन्रो (१८५६-१९१९) यांचा जन्म लंडनमध्ये झाला. अँगस परगण्यातील किरिम्यूरजवळचे लिंडर्टिस ही त्यांच्या घराण्याची जहागीर होती. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबचे ते संस्थापक सदस्य होते. त्या काळी स्कॉटलंडमध्ये ३,००० फुटांवरील पर्वत सुमारे ३० असावेत असा सर्वसाधारण समज होता. क्लबच्या नियतकालिकासाठी अशा पर्वतांची संपूर्ण यादी तयार करण्याचे काम मन्रो यांच्याकडे आले.

मन्रो यांनी ऑर्डनन्स सर्व्हेच्या दोन्ही प्रमाणांच्या नकाशांचा बारकाईने अभ्यास केला. नकाशावर उंची नसेल तेथे ते स्वतः चढून जात आणि अॅनेरॉइड वायुभारमापकाने उंची काढत. उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो, या तत्त्वावर हे उपकरण चालते. परंतु हवामान पालटताच त्याचे वाचनही पालटते. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या यादीत ३,००० फुटांवरील ५३८ शिखरे होती. त्यांपैकी २८३ त्यांनी 'स्वतंत्र पर्वत' ठरवली आणि उर्वरित २५५ उपशिखरे मानली. संख्या अपेक्षेच्या अनेक पटींनी अधिक निघाल्याने गिर्यारोहकांत मोठे कुतूहल निर्माण झाले. 'मन्रो' हे वर्गनाम पुढे रूढ झाले.

मन्रो अखेरपर्यंत यादीत सुधारणा करीत राहिले. १९१९ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले आणि सुधारित आवृत्ती त्यांच्या पश्चात १९२१ मध्ये निघाली. आपल्या यादीतील सर्व शिखरे त्यांना पूर्ण करता आली नाहीत. स्काय बेटावरील 'इनॅक्सेसिबल पिनॅकल' (९८६ मीटर) हा सुळका त्यांच्याकडून राहून गेला, आणि केर्नगॉर्ममधील कार्न क्लॉइख-व्हुलिन हा डोंगर त्यांनी शेवटी चढण्यासाठी राखून ठेवला होता. या दोन्ही ठिकाणांचा दर्जा पुढे बदलला. १८९१ च्या यादीत हा सुळका केवळ उपशिखर होता. १९२१ च्या आवृत्तीत तो मन्रो ठरला. कार्न क्लॉइख-व्हुलिनला मात्र १९८१ मध्ये मन्रो वर्गातून काढून उपशिखरांत टाकण्यात आले.

स्वतंत्र पर्वताचा निकष

मन्रो यांनी ३,००० फुटांची मर्यादा स्पष्ट केली, पण 'स्वतंत्र पर्वत' व 'उपशिखर' यांतील भेद कोणत्याही सूत्रात मांडला नाही. दोन शिखरांतील अंतर, मधल्या खिंडीची खोली, डोंगराचे स्वरूप आणि चढणाऱ्याला जाणवणारे त्याचे वेगळेपण या सर्वांचा एकत्रित विचार करून त्यांनी निर्णय घेतला. स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबनेही आजवर ही लवचीकता कायम ठेवली आहे.

नंतरच्या याद्यांत मात्र सापेक्ष उंचीचा निश्चित निकष आला. एखाद्या शिखरावरून त्याहून उंच असलेल्या भूमीकडे जाताना, सर्वांत सोयीच्या मार्गानेही जितके खाली उतरावे लागते, तितकी त्या शिखराची सापेक्ष उंची होय. दुसऱ्या शब्दांत, शिखर आणि त्याला अधिक उंच डोंगराशी जोडणारी सर्वांत उंच खिंड यांच्या उंचीतील फरक म्हणजे सापेक्ष उंची. समुद्रसपाटीपासून उंच असलेले शिखरही मोठ्या धारेवरचा लहानसा उंचवटा असेल, तर त्याची सापेक्ष उंची थोडी भरते. याउलट सपाट प्रदेशात एकाकी उभा असलेला बुटका डोंगर या निकषावर मोठा ठरतो.

इतर वर्ग

कॉर्बेट: २,५०० ते ३,००० फूट उंचीचे व किमान ५०० फूट सापेक्ष उंचीचे डोंगर. ब्रिस्टल येथील जॉन रूक कॉर्बेट यांनी ही यादी केली. त्यांच्या मृत्यूनंतर बहिणीने ती क्लबकडे सोपवली. कॉर्बेट यांनी आपला निकष नोंदवून ठेवला नव्हता; ५०० फुटांची अट यादीवरून अनुमानाने काढलेली आहे असे मानले जाते. सध्या कॉर्बेटांची संख्या २२२ आहे.

ग्रॅहम: कॉर्बेटांहून कमी उंचीचे डोंगर. फिओना ग्रॅहम यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीवरून हे नाव पडले. मूळ व्याख्येत २,००० ते २,५०० फूट उंची व १५० मीटर सापेक्ष उंची अपेक्षित होती. २०२२ मध्ये किमान उंची ६०० मीटर अशी व्याख्या स्वीकारण्यात आल्याने संख्या २१९ वरून २३१ झाली.

डोनाल्ड: दक्षिणेकडील निम्नभूमीतील २,००० फुटांवरील डोंगर. पर्सी डोनाल्ड यांनी ही यादी केली. उच्चभूमीच्या मापाने हे डोंगर लहान असल्याने त्यांच्यासाठी वेगळे निकष ठेवण्यात आले.

मॅरिलिन: ॲलन डॉसन यांनी १९९२ मध्ये मांडलेला वर्ग. यात समुद्रसपाटीपासूनची उंची विचारात घेतली जात नाही. सापेक्ष उंची किमान १५० मीटर असणे एवढीच अट आहे. ब्रिटनमध्ये असे दीड हजारांहून अधिक डोंगर आहेत. मन्रो या आडनावाचा उच्चार अभिनेत्री मॅरिलिन मन्रो यांच्या आडनावाशी जुळतो, त्यावरून विनोदाने हे नाव देण्यात आले. सेंट किल्डा द्वीपसमूहातील समुद्रातून सरळ वर आलेले सुळकेही या यादीत असल्याने ती पूर्ण करणे अत्यंत कठीण मानले जाते.

उंचीची आधुनिक मोजणी

विसाव्या शतकात नकाशांवरील बहुतेक उंची हवाई छायाचित्रांवरून काढल्या गेल्या. या पद्धतीत काही मीटरांची चूक संभवते. नकाशावर उंची पूर्ण मीटरमध्ये छापली जाते, यामुळे आणखी एक अडचण उद्भवते. ३,००० फूट म्हणजे ९१४.४ मीटर, त्यामुळे नकाशावर '९१४' असा आकडा असलेला डोंगर मर्यादेच्या वर आहे की खाली, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

सीमारेषेवरील अशा डोंगरांची उपग्रहाधारित उपकरणांनी फेरमोजणी करण्याचे काम एकविसाव्या शतकात हाती घेण्यात आले. २००२ मध्ये स्थापन झालेल्या मन्रो सोसायटीने आणि जॉन बर्नार्ड, ग्रॅहम जॅक्सन व मर्डिन फिलिप्स या हौशी सर्वेक्षकांनी त्यात पुढाकार घेतला. मोजणीची रीत साधारणपणे अशी असते:

१. माथ्यावरील सर्वांत उंच नैसर्गिक बिंदू तलमापक व मोजपट्टीने निश्चित केला जातो. गिर्यारोहकांनी रचलेली दगडांची रास उंचीत धरली जात नाही.

२. त्या बिंदूवर उपग्रह संदेशग्राहक बसवून दीर्घकाळ, बहुधा दोन तास किंवा अधिक, नोंदी घेतल्या जातात.

३. या नोंदी ऑर्डनन्स सर्व्हेच्या कायमस्वरूपी केंद्रांवरील त्याच वेळच्या नोंदींशी ताडून चुका दूर केल्या जातात.

४. उपग्रहाकडून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली असते. भूरूप प्रतिमानाच्या साहाय्याने तिचे रूपांतर समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत केले जाते. ब्रिटनमध्ये ही पातळी कॉर्नवॉलमधील न्यूलिन येथे १९१५ ते १९२१ या काळात मोजलेल्या सरासरी समुद्रपातळीवरून ठरवलेली आहे.

या पद्धतीची अचूकता काही सेंटिमीटरपर्यंत असते. तथापि भूरूप प्रतिमान सुधारले गेल्यास डोंगर न हलताही त्याची नोंदलेली उंची किंचित बदलू शकते. २०१६ मध्ये बेन नेव्हिसची उंची १,३४४ ऐवजी १,३४५ मीटर अशी जाहीर झाली. प्रत्यक्षात नवी मोजणी (१,३४४.५२७ मीटर) १९४९ मधील मोजणीहून केवळ काही सेंटिमीटरनी अधिक होती, पण तेवढ्याने पूर्णांक बदलला.

यादीतील बदल

उंची प्रमाणित करणे हे ऑर्डनन्स सर्व्हेचे, तर यादीत बदल करणे हे स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबचे काम आहे. बदलांचे दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार उंचीच्या फेरमोजणीमुळे होणारा. स्कूर नान क्यानिखन या पर्वताची उंची नकाशावर ९१५ मीटर होती. २००९ मध्ये ती ९१३.४३ मीटर भरल्याने तो यादीतून वगळला गेला. २०१२ मध्ये बेन अ ख्लाइव हा ९१३.९६ मीटरचा निघाला व सुमारे ४४ सेंटिमीटरने मन्रो राहिला नाही. दोन्ही पर्वत आता कॉर्बेट गणले जातात. स्काय बेटावरील नाइट्स पीक हे उपशिखर ९१४.२४ मीटर, म्हणजे केवळ १६ सेंटिमीटरने कमी भरले. २००७ मध्ये फॉइनाव्हेन हा डोंगर मन्रो ठरण्याची शक्यता वर्तवली जात होती. मोजणीत तो ९११ मीटर निघाला.

दुसऱ्या प्रकारात उंचीविषयी शंका नसते. बदलतो तो वेगळेपणाविषयीचा निर्णय. स्गोर अन युअर (१,००१ मीटर) या शिखराला १९८१ मध्ये मन्रोचा दर्जा मिळाला आणि १९९७ मध्ये तो काढून घेण्यात आला. त्याच १९९७ च्या आवृत्तीत अन स्टूकसह आठ नव्या पर्वतांचा समावेश झाल्याने एकूण संख्या २७७ वरून २८४ झाली. २००९ व २०१२ मधील वगळणुकींनंतर ती २८२ वर आली.

नामकरण

स्कॉटलंडमधील बहुतेक डोंगरांची नावे स्कॉटिश गेलिक भाषेतील असून ती वर्णनात्मक आहेत. नावाचा पहिला घटक सहसा डोंगराचा आकार सांगतो: 'बेन' म्हणजे पर्वत, 'स्कूर' म्हणजे खडकाळ टोकदार शिखर, 'मेल' म्हणजे गोलसर डोंगर, 'कार्न' म्हणजे दगडगोट्यांचा माथा, 'अनख' म्हणजे लांब धार, 'क्रेग' म्हणजे कडा. 'स्ट्रॉन' या शब्दाचा मूळ अर्थ नाक असा असून मुख्य डोंगरापासून पुढे आलेल्या भागासाठी तो वापरतात. मराठीत अशाच भागाला सोंड म्हणतात. दुसरा घटक रंग, आकारमान, प्राणी किंवा व्यवसाय दर्शवतो. अन टेलख या पर्वताच्या नावाचा अर्थ 'भट्टी', तर बूअखिल एटिव्ह मोर याचा अर्थ 'एटिव्हचा थोरला गुराखी' असा होतो.

ही नावे मूळची स्थानिक गुराखी व शेतकऱ्यांची होती. प्रत्येक खोऱ्यातील लोकांना आपापला 'तांबडा डोंगर' ओळखण्यास तेवढे नाव पुरेसे होते. देशभराचा नकाशा तयार झाल्यावर बेन जेरक, म्हणजे 'तांबडा पर्वत', या नावाचे अनेक डोंगर आढळले. त्यामुळे याद्यांत नावापुढे प्रदेशाचा उल्लेख करावा लागतो. स्काय व रम या बेटांवर नॉर्स लोकांच्या वसाहतींमुळे ॲस्किव्हल, हॅलिव्हल यांसारखी नॉर्स नावेही आढळतात.

नावे नकाशावर नोंदवताना ऑर्डनन्स सर्व्हेने 'नाववह्या' ठेवल्या. त्यांत प्रत्येक नाव, त्याची निरनिराळी लेखनरूपे, ते रूप सांगणाऱ्या व्यक्ती आणि ठिकाणाचे वर्णन यांसाठी रकाने असत. अनेक सर्वेक्षकांना गेलिक येत नव्हते. लेखनाचा दाखला देणाऱ्यांत जमीनदार, धर्मगुरू, शिक्षक अशा प्रतिष्ठितांना महत्त्व दिले जाई. डोंगरावर प्रत्यक्ष वावरणाऱ्यांचे म्हणणे त्यामानाने मागे पडे. त्यामुळे काही नावांची रूपे विपर्यस्त झाली. काही नावांची जागा इतर नावांनी घेतली: केर्नगॉर्म हे मूळ एकाच डोंगराचे नाव असून त्याचा अर्थ 'निळा डोंगर' असा होतो, संपूर्ण पर्वतराजीचे गेलिक नाव मात्र 'तांबडी डोंगरमाळ' या अर्थाचे आहे. त्याच पर्वतराजीतील 'द डेव्हिल्स पॉइंट' या शिखराचे गेलिक नाव 'सैतानाचे लिंग' या अर्थाचे होते. इंग्लिशमध्ये ते सौम्य करण्यात आले.

व्यक्तींवरून पडलेली नावे प्रामुख्याने स्काय बेटावरील कुलिन पर्वतराजीत आढळतात. तेथील सर्वोच्च शिखर स्कूर ॲलस्टर (९९२ मीटर) हे १८७३ मध्ये त्यावर प्रथम चढाई करणारे गेलिक विद्वान अलेक्झांडर निकलसन यांच्या नावाने ओळखले जाते. स्कूर व्हिक खोनिख हे नाव स्कायमधील वाटाडे जॉन मॅकेन्झी यांच्यावरून आले आहे. वर्गांची नावे मात्र डोंगरांवर राहणाऱ्यांवरून नव्हे, तर याद्या करणाऱ्यांवरून पडली.

गिर्यारोहणावरील प्रभाव

रेव्हरंड ए. ई. रॉबर्टसन यांनी १९०१ मध्ये सर्व मन्रो पूर्ण केल्याचे मानले जाते. मात्र बेन विव्हिस या पर्वताच्या माथ्यापर्यंत ते पोहोचले होते का, याविषयी शंका घेतली गेली आहे. दुसरे मानकरी रोनाल्ड बर्न यांनी १९२३ मध्ये सर्व मन्रोंसह उपशिखरेही पूर्ण केली. आजवर सात हजारांहून अधिक व्यक्तींनी यादी पूर्ण केल्याची नोंद क्लबकडे केली आहे. इनॅक्सेसिबल पिनॅकलवर पोहोचण्यासाठी दोराच्या साहाय्याने प्रस्तरारोहण करावे लागते, त्यामुळे अनेकांसाठी तोच सर्वांत अवघड टप्पा ठरतो.

याद्यांमुळे दुर्गम भागांत पर्यटन वाढले, तसेच काही पायवाटांची मोठी धूपही झाली. केवळ ३,००० फुटांच्या आकड्यामुळे गर्दी ठरावीक डोंगरांवर एकवटते, अशी टीका केली जाते. 'द कॉब्लर' (८८४ मीटर), सिल्व्हन (७३१ मीटर) व स्टॅक पॉली (६१२ मीटर) हे देशातील अत्यंत देखणे समजले जाणारे डोंगर मन्रो नाहीत. दुसरीकडे, यादीतून वगळल्यानंतरही अनेक गिर्यारोहक पूर्वीचे मन्रो आवर्जून चढतात. ३,००० फुटांची मर्यादा हा मोजमापाच्या जुन्या एककातील एक पूर्णांक असून भूरचनेशी तिचा थेट संबंध नाही. तरीही स्कॉटलंडच्या डोंगरांचे पद्धतशीर सर्वेक्षण, त्यांच्या नावांचा अभ्यास आणि त्यांची वारंवार होणारी फेरमोजणी यांना या मर्यादेमुळेच मोठी चालना मिळाली.

हे सुद्धा पहा

बेन नेव्हिस
स्कॉटिश गेलिक भाषा
ऑर्डनन्स सर्व्हे
समोच्चरेषा
शिहॅलियन प्रयोग